घरचं गिऱ्हाईक

दुकानातून मिळालेल्या कामाच्या चिठ्ठीवरचा पत्ता खिडकीवाल्या मिस्त्रीच्या स्वतःच्याच घराचा होता. चिठ्ठी देणारा कारकून खाली मान घालून हसत होता.

दार बायकोनं उघडलं.

"हा काय चावटपणा आहे?"

"चावटपणा कसला? रीतसर फोन करून नंबर लावलाय. बायको म्हणून बावीस वर्षं सांगून झालं. या, बूट बाहेर काढा."

मिस्त्री बूट काढून आत गेला. त्याचं काम म्हणजे एक नंबर. वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी रुंदी मोजायची, सगळ्यात कमी भरेल ती धरायची, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं माप. अर्ध्या शहरात नाव होतं. आणि घरची खिडकी? दिव्याखाली अंधार, दुसरं काय. वारा सुटला की खडखडायची, आणि पलंगावर तिची झोपायची जागा नेमकी त्या खिडकीखाली. थंडीत तिचा उजवा खांदा वर व्हायचा नाही.

फट किती आहे ते बघायला त्यानं पट्टी घातली. ती आत जाईना. चौकटीत कागद ठासले होते. एक ओढून काढला, उलगडला. अक्षर त्याचंच. कुणाच्या तरी बंगल्याच्या खिडक्यांची मापं. दुसरा काढला, तिसरा काढला. सगळी लोकांची घरं.

"हे कुठून आणलंस?"

"तुमच्या खिशातून. शर्ट धुवायच्या आधी मी काढून ठेवायचे. जाड कागद आहे, वारा बरा अडतो."

तिनं टोमणा मारला नव्हता, साधंच सांगितलं होतं. म्हणूनच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं टेप काढला. सुताचाही फरक पडू नये म्हणून सगळं दोनदा मोजलं. मग वहीत बघतच विचारलं, "सरकती हवी की उघडणारी? काच साधी की धुरकट? आणि कडी डाव्या हाताला घेऊ ना? उजवा वर जात नाही तुझा."

ती उत्तर द्यायला गेली आणि थांबली.

"सगळ्यांना एवढं विचारता?"

"विचारावं लागतं."

"मला कधी कुणी विचारलं नव्हतं." ती पलंगावर टेकली. "आता घाई करू नका. विचार करून सांगते."

तोही समोर स्टुलावर बसला. तेवढ्यात फोन वाजला. पुढचं गिऱ्हाईक वाट बघत होतं.

"आज नाही जमायचं," मिस्त्री म्हणाला. "एका घरी बसलोय. बाईंचं अजून ठरायचंय."