कणीक विसावते तेवढ्यात

“आण ती वही. सही कुठं करायची?” ब्लागोयेने पिठाने माखलेला हात पुढे केला.

देसांकाने वही पाठीमागे लपवली. “सही शेवटी. आधी मशीन थांबवून दाखवा, काका.”

डॅन्यूबकाठच्या त्या बेकरीत हशा पिकला. ब्लागोये एकोणीस वर्षं कणीक मळायच्या मशीनवर होता. सुरक्षेचं सक्तीचं प्रशिक्षण म्हणजे नियमांची वही फिरायची, जो तो सही ठोकायचा आणि कामाला लागायचा. त्यात उद्या संत निकोलाचा दिवस. निम्म्या गावाच्या घराण्यांचा रक्षक तोच, म्हणून सणाचे नऊशे कोलाच, म्हणजे गोल पाव, आजच भाजायचे होते. मॅनेजर वुकाशिन सकाळपासून ओरडत होता, “बाई, सह्या घ्या आणि मोकळ्या व्हा! इथं श्वास घ्यायला वेळ नाही.”

वेळ नाही हे देसांकालाही दिसत होतं. पण प्रशिक्षणाची जबाबदारी तिची, आणि खोटी सही घेणं तिच्या रक्तात नव्हतं. आठवडाभर ती तिन्ही पाळ्यांत कोपऱ्यात उभी राहिली. माणसं थांबत नाहीत, पण कणीक थांबते, हे तिच्या लक्षात आलं. मळून झाली की वीस मिनिटं ती ओल्या फडक्याखाली विसावते, आणि तेवढ्यात सगळे कॉफी पितात. मग कॉफी करायचं काम तिने स्वतःकडेच घेतलं. एका हातात लांब दांड्याचं तांब्याचं भांडं, दुसऱ्या हातात वही. दोघातिघांना गाठायचं, कॉफी पाजायची आणि एकेक गोष्ट करून दाखवायला लावायची. पाच दिवसांत सोळा जण झाले. बाईच्या चिकाटीला हातच जोडावेत. आज वही पुरी करायची होती आणि उरला होता एकटा ब्लागोये.

“हे लाल बटण. दाबलं की मशीन बंद. झालं?”

“असं नाही, काका. तुमची उजवी बाही आत ओढली गेलीय.”

तिने मशीनची वीज तोडली. मग त्याची उजवी बाही ॲप्रनच्या बंदाने मशीनच्या दांड्याला करकचून बांधली. “आता दाबा.”

“बायकोनेसुद्धा एवढं घट्ट बांधलं नव्हतं गं!” ब्लागोये म्हणाला. सगळे पुन्हा हसले.

त्याने डावा हात लांबवला. बटण वीतभर दूर राहिलं. टाचा उंचावल्या, खांदा पिळला, शेवटी पायही उचलून पाहिला. बटणापर्यंत काहीच पोचेना. हळूहळू हसू विरलं.

“पहाटे तीनला मी इथं एकटाच असतो,” तो म्हणाला. कपाळावर घाम आला होता. देसांकाने गाठ सोडली.

“कणीक तयार आहे, चला!” वुकाशिनने टाळ्या वाजवल्या. कोणी हललं नाही.

“आधी वायरमनला बोलवा,” ब्लागोये म्हणाला. “डावीकडे एक बटण लागलं पाहिजे.”

“आज? निकोलाच्या आदल्या दिवशी?”

“तो माझ्याही घराण्याचा संत आहे, साहेब. उद्या घरी पाहुणे येतील, तेव्हा यजमान धडधाकट नको का?”

वुकाशिनने एकदा कणकेकडे पाहिलं, एकदा त्या ॲप्रनच्या बंदाकडे. मग फोन काढला.

पाऊण तासाने नवं बटण लागलं. ब्लागोयेने स्वतःहून बाही पुढे केली. “बांध गं, चांगली करकचून.” देसांकाने बांधली. त्याने डोळे मिटले आणि डावा तळवा मारला. बटण खटकन आत गेलं.

देसांकाने वही पुढे ठेवली आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

“जागा माहितीय मला,” ब्लागोये म्हणाला. त्याने हात पुसले, खिशातून चष्मा काढला आणि पान पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

देसांकाने त्याच्यासाठी दुसरी कॉफी चढवली.