येऊन गेलेला गोवर

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा वर्षा जव्हारला रस्त्याच्या कामावर खडी वाहत होती. टीनाच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. गोवराची लस दिली खरी, पण अंगात अँटिबॉडी तयारच झाल्या नाहीत, ते म्हणाले. म्हणजे लस दिली काय नि न दिली काय, सारखंच. आसपास कुणाला ताप आणि पुरळ दिसलं तर त्याच दिवशी पोरीला घेऊन या, इंजेक्शन देता येईल. उशीर होऊन डोळे लाल झाले, गळायला लागले, तर त्याचाही उपयोग नाही.

वर्षाने घमेलं तिथेच टाकलं आणि गावाकडची, साखरशेतची जीप धरली. आठवडाभर ती कामावरच राहिली होती.

टीना अकरा वर्षांची. तीन वर्षांपूर्वी सिकलसेल या रक्ताच्या आजारापायी मुंबईच्या दवाखान्यात तिला थोरल्या भावाच्या, सुदेशच्या, हाडांतला मगज दिला होता. जुन्या रक्ताबरोबर लहानपणच्या सगळ्या लशी धुऊन गेल्या, त्या पुन्हा पहिल्यापासून टोचाव्या लागल्या. पण एवढं सगळं पाड्यावर कोण ऐकून घेणार? परतल्यावर वर्षाने सगळ्यांना एकच सांगितलं होतं, पोरीच्या अंगात आता सुदेशचं रक्त आहे. मग हिला मिशाही फुटणार, म्हणून बाया टीनाला चिडवायच्या. टीना लांबूनच हसायची. कुणाचा आजार लागू नये म्हणून मास्क लावून लांब बसायची तिला सवयच झाली होती.

पाड्यात शिरताच वर्षाला पोशीच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा दिसला. पोशी तिची जाऊ, नुकतीच वीटभट्टीवरून मुलांना घेऊन परतलेली. डहाळा म्हणजे घरात गोवर. तो उतरेपर्यंत त्या घरात चूल पेटत नाही, खाणं बाहेरून येतं. ते घेऊन आत जायचं कुमारिकेने, तेही जिला गोवर येऊन गेला आहे तिनेच. बाकी कुणी उंबरा ओलांडायचा नाही. जुन्या माणसांनी हे विचार करूनच ठरवलं असणार. वर्षाला जरा बरंच वाटलं.

घरात टीनाची खाट रिकामी होती. मास्क खुंटीला लटकत होता.

सासू, धोंडीबाई, अंगणात नाचणी पाखडत बसली होती. टीना कुठे म्हणून विचारलं, तर तिने हातातल्या सुपानेच पोशीच्या घराकडे दाखवलं. वर्षाला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तिला कशी धाडली तिथं?"

"तूच सांगला ना, पोरीचा रगत आता सुदेशचा हाय," धोंडीबाई म्हणाली. "सुदेशला गोवर येऊन गेला. मंग हिलापण आलाच."

म्हातारीचं काही चुकलं होतं असं तिच्या चेहऱ्यावरून मुळीच दिसत नव्हतं. पाड्यातल्या बाकी पोरींना लशीमुळे गोवर आलाच नव्हता, मान नातीला मिळाला होता. वर्षाला ओरडावंसं वाटलं. पण रक्ताची गोष्ट घरोघर सांगत फिरली होती ती स्वतःच.

"कवापासून जाते?"

"तू कामाला गेलीस त्या बाजाराच्या दिसापासून."

वर्षा धावतच पोशीच्या दाराशी गेली. आत चटईवर पोशीचा मोठा मुलगा पडून होता. धाकटी टीनाच्या मांडीवर होती, अंगभर पुरळ उठलेली, आणि टीना तिला पेज भरवत होती. फुंकर घालून, चमचा आधी स्वतःच्या ओठांना लावून.

"लांबच ऱ्हा, आये," टीना मोठ्या माणसासारखी म्हणाली. "तुला आत चालत नाय."

आणि हसली. इतकी खुशीत वर्षाने तिला तीन वर्षांत पाहिली नव्हती.

टीनाने मान वर केली तेव्हा उजेड तिच्या तोंडावर पडला. डोळे लालबुंद होते, पाणी गळत होतं.

"डोळ्यांना काय झालं तुझ्या?"

टीनाने घाईघाईने मनगटाने डोळे पुसले.

"काय नाय. हितला धूर झोंबला."

वर्षाने चुलीकडे पाहिलं. पोशीचं मांजर चुलीतल्या गार राखेत अंग मुडपून झोपलं होतं.