गप्प अंगण

"शाळेला कळवून टाक. पियानोला दुसरा माणूस बघा म्हणावं." बाबांनी तारा पिळायची किल्ली टेबलावर ठेवली.

मुलगी कालच सुट्टीवर आली होती. बाबांची चाळीस वर्षं पियानो सुरात लावण्यात गेलेली. तिला काही कळेना.

"झालं काय एवढं?"

बाबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आई आत होती. त्यांनी आवाज खाली आणला. "अंगणातले रातकिडे ऐकू येईनासे झालेत मला. दोन वर्षं झाली. बारीक सूर आधी जातात. आईला सांगू नकोस, जिवाला लावून घेईल."

दिवेलागणीची वेळ होती. मुलीने कान टवकारले.

"बाबा, मलाही काही ऐकू येत नाहीये."

किड्यांचा अभ्यास हेच तिचं काम. ती बॅटरी घेऊन गवतात शिरली आणि अर्ध्या तासाने बरणी घेऊन आली. आत सात रातकिडे, सगळे नर. तिने बाबांच्या हाती भिंग दिलं.

"नर पंखावर पंख घासून गातो. त्यासाठी पंखावर खरखरीत रेघा लागतात. आता हे बघा."

सहांचे पंख काचेसारखे गुळगुळीत होते.

"एक माशी असते. गाण्याचा माग काढत येते, गाणाऱ्याच्या अंगावर अळ्या सोडते. त्या त्याला आतून खातात. एखादा जन्मतःच मुका निघाला, तो वाचला. त्याची पोरं झाली, त्यातलीही मुकी वाचली. वर्षाला तीन-चार पिढ्या होतात यांच्या."

"म्हणजे जिवाच्या भीतीने गप्प बसायला शिकले?"

"छे! शिकलं कोणीच नाही. गाणारे गेले, मुके उरले. एकेक किडा होता तसाच राहिला, बदलली ती सगळी जमात."

बाबा बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग म्हणाले, "पण मुक्याचं लग्न जमतं कसं?"

"हा सातवा बघा, असा एखाददुसरा अधूनमधून गाणारा उरलेला असतो ना, त्याच्या शेजारी जाऊन बसतात. गाण्याला भुलून मादी आली की मधेच गाठतात."

"फुकटे लेकाचे!" बाबा इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी किल्ली उचलून खिशात टाकली.

आई केव्हाची दारात उभी होती. हातातला चहा निवून गेला होता.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "मग उद्याची माझी कानाच्या डॉक्टरांची वेळ रद्द करते."