एकचा फोन

फोन थरथरला. पडद्यावर अक्षरं उमटली: पाळणाघर.

तिच्या हातातली चष्म्याची काडी गळून पडली. पाळणाघरातून फोन कधी यायचाच नाही. फोन करायची ती. लेक दीड वर्षाची, आणि आईच्या डोळ्यांपुढे सदा तेच: घशात अडकलेलं द्राक्ष, उघडं राहिलेलं दार. हात गार पडायचे, छातीत धडधडायचं, की लावला फोन. पूर्वी दिवसाला नऊ.

"फोन केला की दहा मिनिटं बरं वाटतं, म्हणून तर पुन्हा करावासा वाटतो," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "हा आजार आहे, तुमचा स्वभाव नव्हे. आधी वेळा ठरवा, मग एकेक गाळा."

सहा महिन्यांत नवाचे तीन झाले. दहा, एक, तीन, अगदी ठोक्याला. त्याखाली मात्र गाडी सरकत नव्हती.

चष्म्याच्या दुकानातल्या घड्याळात दोनला पाच कमी होते. एकचा फोन राहिलाच की!

एक वाजता ती एका आजोबांच्या नाकावर त्यांचा पहिला चष्मा बसवत होती. आजोबांनी वळून शेजारच्या आजींकडे पाहिलं. "अगं, तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"मला तुम्ही पहिल्यापासून असेच दिसताय," आजी म्हणाल्या.

अख्खं दुकान हसून लोळलं. ती तर डोळे पुसेपर्यंत हसली. मग गिऱ्हाइकामागून गिऱ्हाईक. नेमकं आजच हसायचं सुचलं!

तिने पाळणाघराचा फोन घेतला. "मावशी, काय झालं? श्वास घेतेय ना ती?"

"श्वास? ती नाचतेय!" पाळणाघराच्या मावशी ओरडल्या. मागे डबे बडवले जात होते, पोरं किंचाळत होती. "सगळीच नाचताहेत. अहो, तुमचा फोन कुठाय? एकचा फोन आला की आम्ही पोरांना झोपवतो!"

"घड्याळ नाही का तुमच्याकडे?"

"ते बंद पडून झाले सहा महिने. तुम्ही असताना त्यात सेल कोण घालतंय?"

तासभर आईला काळजी करायची आठवणच झाली नव्हती, आणि लेक नाचत होती.

तीन वाजता हात फोनकडे गेला. गार पडलेला तो हात तिने फोन न लावताच खिशात घातला.

संध्याकाळी पाळणाघराच्या दारात तिने लेकीला कडेवर घेतलं आणि मावशींच्या हातावर एक सेल ठेवला.

"घड्याळात घाला, मावशी. उद्यापासून माझा काही भरवसा नाही."