सीसॉचे दुसरे टोक

माझे सासरे दारातून आडवे होऊनच बाहेर पडत. यजमानांना पेलेल अशी खुर्ची करताना सुताराने तीनदा हात टेकले. आणि माझा मुलगा विमानात दोन तिकिटे काढून एकटाच बसे. या थोर परंपरेतला माझा नातू ढब्बू टीव्हीवरच्या कार्यक्रमात पोटाची शस्त्रक्रिया करून आला आणि दीड वर्षात निम्मा झाला.

अखेरच्या भागासाठी वाहिनीने बागेत भला मोठा वजनकाटा आणला. ढब्बू त्याच्याकडे ढुंकूनही पाहीना.

"काट्याचं राहू द्या. मला सीसॉवर बसायचंय," तो दिग्दर्शिकेला म्हणाला. "जन्मात कधी वर गेलो नाही मी. आज गेलो, तरच मानीन बारीक झालो म्हणून."

समोरच्या टोकाला त्याची बहीण बसली, मग खुद्द दिग्दर्शिका बसली. ढब्बू जमिनीवरच. त्याचे तोंड एवढेसे झाले. तेव्हा मी उठले.

"आजी, तुमचं वजन किती हो?" दिग्दर्शिकेने विचारले.

"ते मी यमालासुद्धा सांगणार नाही. कॅमेरा त्याच्याकडे वळवा."

मी टेकले मात्र, ढब्बू सुर्रकन वर गेला आणि पाय झाडत खिदळू लागला. "आजी, उठू नकोस हं!"

"मी कशाला उठते? पाच वर्षांचा असताना 'कडेवर घे' म्हणून दिवसभर रडला होतास, आणि मला काही तू उचलला गेला नाहीस. आज बैस पोटभर."