गोजाबाईचं शुद्ध मराठी

“सतीशची आय हाय ना तुमच्या मशीनमदी? तिला जरा लावा,” बारकू म्हणाला आणि टोपी काढून मांडीवर घेऊन बसला.

सतीशची आय म्हणजे गोजाबाई, त्याची बायको. दोन महिन्यांपूर्वी वारली. फोनवर बोलायला ती लाजायची, त्यामुळे घरात तिचा आवाज कुठेच नव्हता. होता तो फक्त शहापूरच्या या छोट्या रेडिओ केंद्रात. तेवढ्यासाठी म्हातारा किन्हवलीहून पहिल्या एसटीने आला होता.

“का नाही लावणार, बाबा!” केंद्रावरचा निवेदक शेखर खुशीत म्हणाला. तीन वर्षांपूर्वी त्यानेच तर तिची मुलाखत घेतली होती, भाताच्या जुन्या बियाण्यांवर. त्याने फाइल शोधली आणि स्पीकर मोठा केला.

“नमस्कार. आम्ही बियाणे विकत आणत नाही.”

बारकू मान खाली घालून ऐकत राहिला. रडला नाही, हसला नाही.

शेखरला तो दिवस आठवला. शुद्ध बोलण्याचं त्याला भारी वेड. हा गडीही किन्हवलीचाच, पण रेडिओवर लागल्यापासून घरीसुद्धा ‘नाय’ म्हणेना. “आजी, ‘नाय’ नको, ‘नाही’ म्हणा. ‘आमी’ नको, ‘आम्ही’. लोक हसतील!” एकेक वाक्य त्याने दहा-दहा वेळा घोटून घेतलं होतं. शेवटी ती खळखळून हसली होती. “आमी बोलतो ता तुला समजतं ना रे? मंग?”

ते हसू, तो ‘मंग’, सगळं त्याने त्याच संध्याकाळी कापलं आणि पुसून टाकलं. कचरा म्हणून! वर कार्यक्रमाचं कौतुक झालं, तेव्हा छाती फुगवून फिरला होता.

आता ऐकताना त्याचे कान तापले. अख्ख्या मुलाखतीत ती एकदाही हसत नव्हती. लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्याच्या लक्षात येऊ नये, एवढंच तो मनात म्हणत राहिला.

मुलाखत संपली. शेखरची मान वर होईना. बारकू थोडा वेळ वाट बघत बसला. मग साहेबाला वाईट वाटू नये अशा बेताने, हळूच म्हणाला,

“ही बाई पन छान बोलली. आता आमची लावा ना.”