सहा माणसांची गाडी

मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या हव्यात की सलग बाक, इथे येऊन गोष्ट अडली होती. सुट्या खुर्च्या घेतल्या तर गाडी सहा जणांची आणि सात लाखांनी महाग. पण वर उघडणारं काचेचं छत, चहूबाजूंना कॅमेरे आणि बसणाऱ्याच्या पाठीला गार वारा. बाक घेतला तर सात जणांची, आणि पाठीला नुसता घाम.

"वाऱ्यासाठी एवढे?" आई म्हणाली. "खिडकी उघडत नाही का हिची?"

टाय घातलेला विक्रेता मनापासून हसला. मुलगाही हसला. शोरूममधला सोफा इतका मऊ होता की आई त्यात रुतून बसली होती आणि हातातला कॉफीचा कप सांभाळत होती. सून आणि दोन्ही नातवंडं घरी वाट बघत होती.

तेवढ्यात बाबा आत आले. दोघांना दाराशी उतरवून ते जुनी गाडी लावायला गेले होते. पांढरा शर्ट, खिशात पिवळं फडकं, हातात किल्ली. ते थेट नव्या गाडीकडे गेले, चाकापाशी उकिडवे बसले, खालून वाकून पाहिलं. उठताना बॉनेटवर बोटांचे ठसे उमटले, ते फडक्याने पुसले. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या चालवलेल्या माणसाचे हात ते.

"काका," टायवाल्याने अदबीने हाक मारली, "ड्रायव्हर लोकांचा चहा तिकडे मागे आहे. पंख्याखाली बसा आरामात."

बाबांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा माहितीपत्रकातलं इंजिनाचं पान वाचत होता. आईच्या ओठांवर शब्द आला होता. पण तिने मुलाचे लाल झालेले कान पाहिले आणि तो कॉफीच्या घोटाबरोबर गिळला. आता सांगितलं तर त्या बिचाऱ्या विक्रेत्यालाच ओशाळल्यासारखं होईल, असं तिने स्वतःला समजावलं.

"बरं," म्हणून बाबा गेले.

"तर सर, मोजूनच बघू." टायवाल्याने एकेक बोट उघडलं. "तुम्ही, मॅडम, दोन मुलं, या आई. झाले पाच. आणि ड्रायव्हर, सहा. बरोब्बर बसतात. सातवी जागा काय रिकामी फिरवायची?"

मुलानेही घरून सहाच मोजून आणले होते. बेरीज जुळली. दुरुस्त करावं असं काही उरलंच नाही.

"सहाचीच बघू," तो म्हणाला.

"मग एक चक्कर मारून बघा ना. तुम्ही चालवताय की ड्रायव्हर?"

"त्यांनाच चालवू दे. त्यांना गाडीतलं कळतं."

सकाळी जेवणाच्या टेबलावर हेच तो केवढ्या अभिमानाने बोलला होता. तेव्हा 'बाबांना' म्हणाला होता.

बाबांनी आईला मागे चढवलं. तिचं डोकं लागू नये म्हणून दाराच्या वरच्या कडेला तळवा धरला. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तसाच मुलासाठी धरला. टायवाला पुढे बसला.

गाडी गतिरोधकावरून अशी गेली की आईच्या गुडघ्याला कळलंही नाही.

"काय हात आहे, काका. सरांकडे किती वर्षं आहात?"

आरशात बाबांचे डोळे एकदाच वर आले.

"साहेब जन्मले तेव्हापासून."

"म्हणजे घरातलेच झालात की."

"हो. तसंच म्हणतात सगळे."

मुलगा खिडकीबाहेर बघत होता. लहानपणी तो खोटं बोलला की आई त्याला कोपराने ढोसायची. आज तिचं कोपर उचलेना. तीही त्याच्याच शेजारी, त्याच रांगेत गप्प बसली होती.

"कशी वाटली गाडी? सांगा साहेबांना."

"मोठी चाकं घेऊ नका, खड्ड्यात टायर फाटतो," बाबा म्हणाले. "बाकी चांगली आहे. बाईंना चढायला उंच पडते. खाली एक पायरी लावून घ्या."

बाई म्हणजे आपणच, हे आईला क्षणभराने कळलं. तिने पदर नीट केला, तो नीटच होता तरी.

शोरूमच्या दाराशी गाडी थांबली. बाबा उतरले, फिरून आले, मुलाच्या बाजूचं दार उघडून उभे राहिले. तळवा वरच्या कडेला. टायवाला कागद घेऊन शेजारी आला.

"मग सर, सहाचीच लिहू?"

मुलगा हलला नाही. मागे दुसरी गाडी येऊन थांबली होती. तिने एकदा हॉर्न दिला.

"उतर ना बाळा," बाबा हळूच म्हणाले. "लोक खोळंबलेत."

टायवाल्याचं पेन हवेतच राहिलं. त्याने बाबांकडे पाहिलं, मग मुलाकडे. नाकं एकाच साच्यातली. तो गाडीच्या चाकाकडे बघत राहिला, जणू ते आत्ताच तिथे कोणी आणून लावलं होतं.

मुलगा उतरला. वर जागा भरपूर होती, तळवाही होता. तरी तो कितीतरी खाली वाकून बाहेर आला, आपलं डोकं त्या हाताला लागू नये म्हणून.